पवनऊर्जा स्पर्धेची तयारी: सुरुवात पात्यांपासून नको, मोटरपासून करा

पवनचक्की गरगर फिरत होती. टेबलफॅन तीनवर, पाती नुसती दिसेनाशी झालेली, आणि तरीही मनोऱ्याच्या बुडाशी लावलेला लाल एलईडी काही लागत नव्हता. सातवीतला तो मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, एवढं जोरात फिरतंय, मग दिवा का लागत नाही?" परीक्षक तोवर पुढच्या टेबलाशी पोचले होते. मला उत्तर देता आलं नाही. महिनाभर आम्ही पाती रंगवली होती, थर्माकोलचं गाव वसवलं होतं. मोटर मात्र मोडक्या खेळण्यातली, हाताला लागली ती बसवली होती. त्या मोटरला दिवा पेटवायला किती फेरे लागतात, हे एकदाही मोजलं नव्हतं.

त्यानंतर नाशिक जिल्ह्यातल्या मुलांना घेऊन मी बऱ्याच विज्ञान प्रदर्शनांत गेले. जे शिकले ते इथे क्रमाने सांगते. सहावी ते दहावीची मुलं, त्यांचे शिक्षक आणि घरी कटर-फेविकॉल शोधून देणारे पालक अशा तिघांसाठी हे आहे. सहा आठवडे हाताशी धरा. यातल्या सामानाचा मोठा भाग भंगारातून आणि शाळेच्या प्रयोगशाळेतूनच निघतो.

आधी नियमांचा कागद

पवनऊर्जेच्या स्पर्धा दोन प्रकारच्या असतात. एकीत तुमचा चालता नमुना आणि तुमचं सांगणं पाहतात. आपली तालुका आणि जिल्हा पातळीवरची विज्ञान प्रदर्शनं या प्रकारची. दुसरीत सगळ्यांच्या पवनचक्क्या एकाच वाऱ्यासमोर ठेवतात आणि वीज मोजतात. अमेरिकेतली किडविंड चॅलेंज ही मुलांची स्पर्धा अशी आहे: वाऱ्याच्या बोगद्यात चक्की ठेवून मोजणी होते, परीक्षक मुलांना प्रश्न विचारतात आणि ऐनवेळी एक कोडंही सोडवायला देतात. आपल्याकडे महाविद्यालयं किंवा विज्ञानसंस्था अशी मोजणीची स्पर्धा ठेवतात, तेव्हा बोगद्याऐवजी बहुधा मोठा पेडेस्टल फॅन असतो.

नियमांत या गोष्टी शोधा आणि सापडल्या नाहीत तर आयोजकांना फोन करून विचारा: पात्यांचा व्यास किती चालेल, मनोऱ्याची उंची किती, तयार विकतची पाती चालतात का, गिअर चालतो का, आणि वीज कशावर मोजणार? नुसता व्होल्टेज मोजणार, की रोधक (रेझिस्टर) लावून शक्ती मोजणार? या शेवटच्या उत्तरावर तुमची सगळी रचना बदलते.

कल्पना नवी असेल तर शाळेमार्फत केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक या योजनेसाठीही नाव पाठवा. निवड झाली तर नमुना करायला १०,००० रुपये मिळतात. पण निकालाची वाट पाहत हात जोडून बसू नका, काम सुरू ठेवा.

वाऱ्यात शक्ती असते तरी किती

संक्रांतीला येवल्याच्या गच्चीवर आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, धरून उभ्या राहिलेल्या मुलाला हे सूत्र न शिकवता कळलेलं असतं. वारा थोडासा वाढला की मांजा हाताला केवढा ओढतो! वाऱ्यातली शक्ती अशी काढतात:

शक्ती = ½ × हवेची घनता × पात्यांनी व्यापलेलं वर्तुळ × वेग × वेग × वेग

वेग तीनदा आला आहे, तिकडे नीट बघा. वाऱ्याचा वेग ४ मीटर प्रतिसेकंदावरून ५ वर गेला तर शक्ती जवळजवळ दुप्पट होते. वेग दुप्पट झाला तर आठपट. व्यास दुप्पट केला तर वर्तुळ चौपट, म्हणून शक्ती चौपट.

आता आपल्या चक्कीचा हिशेब. पुस्तकात हवेची घनता १.२२५ किलो प्रतिघनमीटर लिहिलेली असते, पण ती समुद्रसपाटीची, १५ अंश सेल्सिअसची. नाशिक समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे-सहाशे मीटर उंच आहे. आपल्याकडे ३० अंशांच्या दुपारी ती साधारण १.०९ भरते. व्यास ४० सेंटिमीटर असेल तर वर्तुळ ०.१२५७ चौरस मीटर. वारा ५ मीटर प्रतिसेकंद. गुणाकार केला की सुमारे ८.५ वॅट येतात.

हे सगळे वॅट आपल्याला मिळत नाहीत. पात्यांनी वारा पूर्ण अडवला तर मागून येणाऱ्या हवेला जायला वाटच उरणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी दाखवून दिलं की वाऱ्यातली जास्तीत जास्त १६/२७, म्हणजे ५९.३ टक्के शक्ती काढता येते. आपल्या उदाहरणात ती ५ वॅटच्या आसपास. पुठ्ठ्याची पाती, छोटी मोटर, घर्षण हे सगळं धरलं तर शाळेच्या नमुन्यात अर्धा वॅट मिळाला तरी काम चांगलं झालं म्हणा. हा आकडा मुलांना पहिल्याच दिवशी सांगावा. नाहीतर ती पंखा चालवायची स्वप्नं बघतात आणि दिवा लागल्यावरही हिरमुसतात.

मोटर: इथेच स्पर्धा निम्मी ठरते

छोट्या डीसी मोटरला वीज दिली की ती फिरते. तीच मोटर आपण फिरवली की वीज देते. १८३१ साली मायकेल फॅरेडे यांनी दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. पण प्रत्येक मोटर किती फेऱ्यांना किती व्होल्ट देईल, हे तिच्या घडणीतच ठरलेलं असतं.

खेळण्यातली मोटर ३ व्होल्टवर मिनिटाला १०,००० च्या आसपास फेरे घेते. उलट धरा: १०,००० फेऱ्यांना ३ व्होल्ट, तर आपली चक्की देते त्या ६०० फेऱ्यांना फक्त ०.१८ व्होल्ट. लाल एलईडी लागायला १.८ व्होल्टच्या आसपास लागतात, पांढऱ्याला ३. त्या दिवशी दिवा का लागला नाही, याचं उत्तर एवढंच होतं. पाती उत्तम होती.

म्हणून मोटर निवडताना लेबलावरचे व्होल्ट भागिले फेरे करा. जितका मोठा आकडा, तितकी आपल्या कामाची मोटर. १२ व्होल्ट, २,४०० फेऱ्यांची मोटर ६०० फेऱ्यांना ३ व्होल्टच्या जवळ जाते. १२ व्होल्ट, ६,००० ची मोटर १.२ देते.

कुठे मिळतील? बंद पडलेला प्रिंटर किंवा स्कॅनर सोन्यासारखा असतो. त्यातल्या डीसी मोटर जास्त व्होल्टच्या असतात आणि हलक्या फिरतात. संगणक दुरुस्तीवाल्याकडे, भंगारवाल्याकडे विचारा. नाशिकच्या एम. जी. रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नवी घेत असाल तर मल्टिमीटर बरोबर न्या आणि दुकानातच तपासा. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर २,४०० फेऱ्यांची असते खरी, पण तिच्या पोटात पुष्कळदा वेग आवरणारं छोटं सर्किट असतं आणि ते वीजनिर्मितीत आडवं येतं. मागचं झाकण उघडून दोन तारा थेट मोटरच्या टोकांना जोडता आल्या तरच ती घ्या.

तपासायची रीत सोपी आहे. मोटरच्या दांड्याला दोन हात दोरा गुंडाळा, मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि दोरा एका दमात ओढा. चार-पाच मोटर असतील तर एकाच मुलाने, एकाच जोराने ओढायचं आणि सगळ्यात मोठा आकडा देणारी बाजूला काढायची. मग तिचा दांडा बोटाने हळूच फिरवून बघा. अडखळत, टकटक करत फिरत असेल तर मंद वाऱ्यात ती सुरूच होणार नाही. एकेक पायरीने फिरणाऱ्या स्टेपर मोटरचा हाच त्रास. ती कमी फेऱ्यांना भरपूर व्होल्ट देते, पण आलटून-पालटून. तिला प्रवाह एकाच दिशेला वळवणारा चार डायोडचा ब्रिज लावावा लागतो आणि त्यात सव्वा-दीड व्होल्ट जातात.

रोबोटच्या किटमधली पिवळी गिअरची मोटर पुष्कळ मुलं आणतात. मी ती वापरू देत नाही. आतले गिअर उलटे फिरवायला इतका जोर लागतो की निम्मा वारा तिथेच खर्ची पडतो.

आणि एक. एलईडी एकाच दिशेने लागतो. दिवा लागला नाही की आधी दोन तारांची अदलाबदल करा, मग डोकं धरा.

घरचा वारा मोजून घ्या

मोकळ्या माळावर चाचणी घ्यायचा मोह होतो. जून-जुलैत गंगापूर धरणाच्या बाजूला वारा छान असतो, पण दर मिनिटाला बदलतो. आज पातं २० अंशांच्या कोनात लावलं, उद्या १५ च्या. फरक कोनामुळे पडला की वाऱ्यामुळे, कळणार कसं? आणि प्रदर्शनं बहुधा दिवाळीनंतरच्या थंडीत येतात, तेव्हा सकाळी पानही हलत नाही. म्हणून वर्गातच, पंख्यासमोर.

पंख्याचा वारा मात्र वाटतो तितका सरळ नसतो. तो गोल फिरत येतो आणि मधोमध, मोटरच्या समोर, जवळजवळ नसतोच. यावर उपाय पुठ्ठ्याची जाळी. पुठ्ठ्याच्या १५ सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा, दर ५ सेंटिमीटरवर अर्ध्यापर्यंत खाचा पाडा आणि एकमेकींत अडकवून चौकोनी खणांची जाळी करा. ती पंख्यासमोर हातभर अंतरावर उभी करा. खणांतून जाताना वाऱ्याचा पीळ मोडतो. चक्की त्याच्या पुढे मीटर-सव्वा मीटरवर.

वेग मोजायला छोटा डिजिटल वेगमापक मिळाला तर उत्तम. नसेल तर टेबल टेनिसचा चेंडू ३० सेंटिमीटर दोऱ्याने कोनमापकाच्या मध्यबिंदूला टांगा आणि वाऱ्यात धरा. दोरा उभ्या रेषेपासून १५ अंश ढळला तर वारा साधारण ४.५ ते ५ मीटर प्रतिसेकंद, २० अंश ढळला तर सव्वापाच, ४० ला ८. चक्कीच्या वर्तुळात नऊ जागी मोजून सरासरी घ्या. दर वेळी बसताना पुन्हा मोजा, कारण संध्याकाळी व्होल्टेज खाली आलं की पंखाही मंदावतो आणि तुमची सकाळची नोंद संध्याकाळच्या नोंदीशी जुळत नाही.

पाती

हब आधी, म्हणजे पाती ज्यात बसतात तो मधला तुकडा. मनासारखा, कोन बदलता येणारा हब रसायनशास्त्राच्या कपाटातच पडलेला असतो: जाड रबरी बूच. कॉर्क बोररने किंवा बारीक ड्रिलने बुचाच्या कडेला ६० अंशांवर सहा भोकं पाडा. त्यात कबाबाच्या बांबूच्या काड्या घट्ट बसतात, पण पिळल्या की फिरतात. सहा भोकं असल्यामुळे २, ३ किंवा ६ पाती लावून बघता येतात. मधलं, दांड्याचं भोक अगदी केंद्रात आणि दांड्यापेक्षा किंचित लहान हवं. ते तिरपं गेलं तर दुसरं बूच घ्या. तिरप्या हबवर वेळ घालवू नका, तो शेवटपर्यंत थरथरत राहतो.

पात्यांना पुठ्ठा कुठला? निफाड-दिंडोरीकडे हा प्रश्नच नाही. निर्यातीची द्राक्षं भरायच्या पेट्या घ्या. त्या पुठ्ठ्याच्या आत नागमोडी कागदाच्या नळ्या असतात. पातं कापताना नळ्या पात्याच्या लांबीच्या दिशेने येऊ द्या. आडव्या आल्या तर पातं वाऱ्यात मधोमध मोडून वाकतं. एका मुलीने एकदा दोन्ही प्रकारची पाती कापून, टोकाला नट बांधून ती किती वाकतात ते मोजून आणलं होतं; तो तक्ता पाहायला परीक्षक खाली वाकले. जाहिरातीच्या जुन्या फलकांची सनपॅक शीटही चालते, तिच्यातही अशाच नळ्या असतात. ४ इंची पीव्हीसी पाईप लांबीत कापली तर आयतं वाकलेलं पातं मिळतं, पण जड होतं. छोट्या मोटरला मी पुठ्ठाच पसंत करते.

सपाट पातंही फिरतं. सुरुवात त्यानेच करा: १८ सेंटिमीटर लांब, बुडाशी ५ आणि टोकाशी ३ सेंटिमीटर रुंद. पण चांगल्या पात्याला पीळ असतो, आणि तो का असतो हे मुलांना समजलंच पाहिजे. पावसात सायकल चालवताना आठवा. पाऊस सरळ पडत असतो, पण सायकल जोरात चालवली की थेंब समोरून तोंडावर येतात. पात्याच्या टोकाचं तसंच आहे. टोक सगळ्यात वेगाने पळतं, म्हणून त्याला वारा जवळजवळ समोरून येतो, आणि तिथे पातं फिरण्याच्या प्रतलाला जवळपास चिकटून, कमी कोनात हवं. बूड हळू फिरतं, त्याला वारा खरोखर पुढूनच येतो, तिथे कोन मोठा हवा. टोकाचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या तिप्पट धरला तर हिशेबाने टोकाशी ७-८ अंश, मध्यावर १९-२० आणि बुडाजवळ ३५ च्या आसपास कोन येतो.

हा पीळ पुठ्ठ्यात आणायची एक युक्ती आहे. जाड पुठ्ठा सोडा, कार्डशीटचे तीन सारखे तुकडे कापा. त्यांना फेविकॉल लावून एकावर एक ठेवा आणि ओले असतानाच मोठ्या बाटलीवर ठेवा, सरळ नाही, बाटलीच्या लांबीला १०-१५ अंश तिरपे. वरून दोऱ्याचे वेढे घट्ट मारा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी दोरा सोडला की हातात जे येतं त्याला पोटाशी बाक असतो आणि लांबीत पीळ, आणि तीन थरांमुळे ते खणखणीत टणक होतं. सगळी पाती एकाच बाटलीवर, एकाच दिशेने तिरपी ठेवून करा. एक जरी उलट्या दिशेने तिरपं ठेवलं गेलं तर त्याचा पीळ उलटा येतो आणि ते टाकून द्यावं लागतं. बसवताना खोलगट बाजू वाऱ्याकडे आणि फिरण्याच्या दिशेकडची कड गोलसर.

काडी पात्याच्या पाठीला चिकटवून बुचात बसवली की कोन लावायचा. डोळ्यांच्या अंदाजाने लावू नका. पुठ्ठ्याचे १०, १५, २०, ३० अंशांचे त्रिकोणी गुटके कापून ठेवा, गुटका टेबलावर, पातं त्यावर टेकवायचं. तिन्ही पात्यांचा कोन सारखा राहतो.

पात्यांचं वजनही सारखं हवं. पोस्टाचा किंवा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरे. नाहीतर हब दांड्यावर हलकासा लटकवा. दर वेळी एकच पातं खाली येऊन थांबत असेल तर ते जड. समोरच्यांना सेलोटेपचा तुकडा लावत जा, कुठलंच पातं हट्टाने खाली येईनासं होईपर्यंत.

पाती किती? १८८८ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला चार्ल्स ब्रश यांनी बांधलेल्या पवनचक्कीला १४४ पाती होती, १७ मीटर व्यास, आणि वीज निघायची १२ किलोवॅट. डेन्मार्कमध्ये आस्कोव्हच्या लोकशाळेत शिकवणारे पॉल ला कूर यांनी १८९१ पासून प्रयोग करून दाखवलं की विजेसाठी थोडी आणि वेगाने फिरणारी पातीच बरी. पुष्कळ पाती लगेच सुरू होतात, जोर देतात, पाणी उपसायला चांगली. पण हळू फिरतात. ला कूर शिक्षक होते, म्हणून मला त्यांच्याबद्दल जास्तच आपुलकी आहे. वाऱ्याच्या विजेने पाण्याचं विघटन करून त्यांनी हायड्रोजन साठवला आणि त्यावर शाळेतले दिवे लावले. तुमच्या मोटरला २, ३ की ६ पाती मानवतात हे मात्र मोजूनच ठरवा. अडखळणाऱ्या मोटरला सहा पाती लागतील, हलक्या मोटरला तीन पुरतील.

वाचनं घ्यायची रीत

नुसता व्होल्टेज बघून खूश होऊ नका. मल्टिमीटर एकटाच जोडला की मोटरमधून जवळजवळ प्रवाहच वाहत नाही, चक्की मोकळी पळते आणि आकडा फुगतो. काम करायला लावलं की खरं कळतं. १०, २२, ४७ आणि १०० ओहमचे रोधक आणा. एकेक रोधक मोटरच्या दोन टोकांना जोडा, रोधकावर व्होल्ट मोजा आणि शक्ती काढा: व्होल्ट × व्होल्ट ÷ ओहम.

समजा १०० ओहमवर २ व्होल्ट आले, तर ४० मिलीवॅट. ४७ वर १.४ आले, तर ४२. २२ वर ०.८, म्हणजे २९. १० वर ०.४, म्हणजे १६. व्होल्ट सगळ्यात जास्त १०० ओहमवर, पण शक्ती ४७ वर. रोधक लहान होत गेला की प्रवाह वाढतो, मोटर पात्यांना मागे ओढते, फेरे पडतात. मोटरच्या आतल्या रोधाच्या जवळपास कुठेतरी शिखर सापडतं. हे शिखर सापडलेल्या मुलांना परीक्षकाने काहीही विचारलं तरी सांगायला स्वतःचं काहीतरी असतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. कोन बदलायचा ठरला तर पाती, पंखा, अंतर, रोधक सगळं तेच. १० अंश, तीन वाचनं. १५, तीन वाचनं. २०, ३०. प्रत्येक वाचनाआधी अर्धा मिनिट थांबा, चक्कीला लय सापडू द्या. घाई झाली की मुलं कोन आणि पात्यांची संख्या एकदम बदलतात, आणि मग चांगला आकडा कशामुळे आला ते कुणालाच सांगता येत नाही. आमच्याकडे वहीवर एका मुलाचा पहारा असतो. आधी नोंद, मग पुढचा बदल.

फेरे मोजायला मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. एका पात्याच्या टोकाला लाल टेप लावा. सेकंदाला २४० चित्रं घेणारा कॅमेरा असेल आणि टेप २४ चित्रांनी पुन्हा त्याच जागी आली, तर सेकंदाला १० फेरे, मिनिटाला ६००. आता टोकाचा वेग काढा: त्रिज्या ०.२ मीटर असेल तर सेकंदाला साधारण १२.५ मीटर. वारा ५ चा, म्हणजे टोक वाऱ्याच्या अडीचपट वेगाने पळतंय. हे गुणोत्तर प्रत्येक रचनेसाठी वहीत लिहा.

गिअरबद्दल थोडक्यात. नियमांत बसत असेल आणि मोटरचे व्होल्ट कमी पडत असतील तरच. जुनी सीडी पात्यांच्या दांड्यावर, मोटरवर बारीक कप्पी, मध्ये टेपरेकॉर्डरचा पट्टा. फेरे वाढतात, पण सुरू व्हायला लागणारा जोरही तेवढाच वाढतो. चांगली मोटर मिळाली तर गिअरची गरज पडत नाही.

जपून

फिरत्या पात्यांच्या बाजूला, म्हणजे ती ज्या वर्तुळात फिरतात त्याच्या रेषेत, कुणी उभं राहायचं नाही. काडी निसटली तर ती त्याच दिशेने सुटते. डोळ्यांवर गॉगल, केस बांधलेले, ओढणी खोचलेली. पाईप आणि सनपॅक कापताना मोठं माणूस शेजारी. पालकांनी कापायला मदत जरूर करावी, पण पात्याचा आकार आणि कोन मुलांनीच ठरवावा. परीक्षकांना दोन प्रश्नांत कळतं की हे कुणी केलंय, आणि मुलांनाही ते आतून माहीत असतं.

परीक्षकांसमोर

तक्ता एकच ठेवा: कोन आणि मिलीवॅट यांचा आलेख, मोठा, दुरून वाचता येईल असा. शेजारी फसलेली पाती मांडा, प्रत्येकावर चिठ्ठी: "नळ्या आडव्या, वाकलं", "३० अंश, लवकर सुरू पण हळू". माझ्या अनुभवात परीक्षक सजवलेल्या गावापेक्षा या फसलेल्या पात्यांसमोर जास्त वेळ थांबतात.

ठरलेले प्रश्न येतात. सगळी शक्ती का मिळत नाही? बेट्झची मर्यादा, आणि मग मोटर व घर्षण. मोठ्या पवनचक्क्यांना तीनच पाती का? पाती कमी म्हणून वेग मिळतो, आणि दोनपेक्षा तीन पाती संथ, समतोल फिरतात. वारा नसेल तेव्हा? मोठी चक्की साधारण ३ मीटर प्रतिसेकंदाला वीज द्यायला लागते आणि २५ च्या वर स्वतःहून थांबते. म्हणून ग्रीडला, म्हणजे घरोघर वीज नेणाऱ्या जाळ्याला, जलविद्युत, सौर, औष्णिक अशी जोड लागते. आपल्या भागात कुठे आहेत? सिन्नर आणि अकोले तालुक्यांच्या सीमेवर पट्टा किल्ल्याच्या परिसरात पवनचक्क्या दिसतात, आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलला मोठा प्रकल्प आहे. जमलं तर स्पर्धेआधी मुलांना तिकडे नेऊन आणा. रस्त्यावरूनच बघा, घड्याळ लावून एका पात्याचे फेरे मोजा. एवढं अवजड पातं किती संथ वळतं आणि तरी त्याचं टोक किती वेगाने पळत असेल, याचा हिशेब मुलं परतीच्या गाडीतच करायला लागतात.

उत्तरं पाठ करून घेऊ नका. तीन-चार जणांच्या गटात प्रत्येकाला प्रत्येक प्रश्न विचारा. "मोटरचं याला माहितेय" असं म्हणून एक मूल दुसऱ्याकडे बघायला लागलं, की त्या दिवशी मोटरबद्दल त्या पहिल्या मुलालाच बोलू द्या.

आदल्या दिवशी आणि त्या दिवशी

पाती हबमधून काढून वहीच्या पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा. पीळ दिलेली असतील तर पेटीत कागदाच्या गोळ्यांत, एकमेकांना न टेकता. एसटीत पेटी मांडीवर. वरच्या फळीवर ठेवलेल्या पात्यांना काय होतं हे एकदा पाहिलंय, पुन्हा नको. सोबत जादा मोटर, एक जादा संच पाती, रोधक, दोन एलईडी, एम-सील, सेलोटेप, बारीक पाना, कोनाचे गुटके, मल्टिमीटरची नवी बॅटरी आणि लांब एक्स्टेन्शन बोर्ड. तिथला प्लग पॉइंट तुमच्या टेबलाजवळ असेलच असं नाही.

पोचल्यावर पहिलं काम टेबल सजवायचं नाही. तिथला पंखा लावा, चेंडू टांगा, वारा मोजा. तो तुमच्या शाळेतल्या वाऱ्यापेक्षा मंद असेल तर कोन ५ अंशांनी वाढवून बघा, चक्की लवकर सुरू होईल. मग ४७ ओहम लावा, व्होल्ट वाचा आणि वहीत त्या दिवसाची तारीख टाकून पहिली ओळ लिहा.